करंगळीएवढी दोरी

लखूनाना भेटले की "कसा आहेस" असं कधी विचारायचे नाहीत. आधी हात पुढे करायचे, समोरच्याला त्याची करंगळी आपल्या अंगठ्याभोवती अडकवायला लावायचे आणि म्हणायचे, "धर. सुटू द्यू नको." मग अंगठा हळूच ओढून बघायचे. उजवी झाली की डावी. मग खाली बघून, "पायाच्या बी हलिव." चपलेतल्या करंगळ्या हलवून दाखवल्या की मगच त्यांच्या तोंडावर जरा हसू यायचं. "चाललंय तर. बस आता." लग्नाचा मांडव असो, दशक्रिया असो, नारायणगावचा बाजार असो, यात सूट नव्हती. त्यांच्या पुतणीला बघायला आलेल्या पावण्यांच्याही करंगळ्या त्यांनी तपासल्या होत्या. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं बिचकून विचारलं, "ही तुमच्या बोरीकडची रीत हाय का?" नाना म्हणाले, "रीत न्हाई, पावणं. भ्या हाय."

मी हे गुवाहाटीत बसून लिहितोय. इथं एका व्यापाऱ्याच्या कांद्याच्या वखारीत मी गोणी उतरवून घेण्यावर देखरेख करतो. कांदा पुष्कळदा आमच्याच भागातला असतो, आळेफाट्याकडून निघालेला. मी घरापासून तीन दिवस-तीन रात्रींच्या रेल्वेवर आहे. शाळा नववीत सुटली, त्यामुळे लिहिण्याची सवय नाही. पण हमाल मानेवर गोणी घेतात तेव्हा माझी नजर त्यांच्या करंगळ्यांकडं जाते. का जाते हे इथं कुणाला सांगता येत नाही, म्हणून लिहितोय.

नाना आमच्या बोरी बुद्रुकचे हाडवैद्य. बारीक अंगाचे, डोक्याला टोपी, एक खांदा खाली पडलेला. नदीकडेला थोडी शेती होती, ती मुलगा बघायचा. निखळलेला खांदा, मुरगळलेला घोटा, मनगट, बोट हे त्यांचं काम. खांदा बसवताना ते माणसाला बोलण्यात गुंतवायचे. "तुमच्याकडं यंदा तंबाटी कशी काय?" समोरचा भाव सांगायला तोंड उघडायचा आणि तेवढ्यात खांदा जागेवर. एकदा पिंपळवंडीचा एक गडी म्हणाला, "नाना, मी मनाची तयारी करतो, मग वढा." नाना म्हणाले, "तुजी तयारी झाली का खांदा तयार न्हाई व्हत, येड्या. तू आपला तंबाट्याचं बोल."

आमच्या कबड्डी संघाचे ते सगळं काही होते. मालीश तेच करायचे, पट्ट्या तेच बांधायचे, आणि सामन्याआधी मानाही तेच मोडायचे. आमच्याकडे ही जुनी पद्धत होती. मैदानात उतरण्याआधी सगळे गडी ओळीनं उकिडवे बसायचे. नाना मागून येऊन एका हातानं हनुवटी आणि दुसऱ्यानं टाळू धरायचे आणि एक झटका द्यायचे. कट्ट. मग दुसऱ्या बाजूला. कट्ट. आवाज आला की गडी मोकळा झाला. एखाद्याची मान वाजली नाही तर तो दिवस वाईट जाणार, असं सगळे समजायचे. आजूबाजूची पोरं तर नुसता आवाज ऐकायला जमायची.

ही पद्धत नानांनी एका दिवसात बंद केली. खोडदला आकाशाकडं तोंड केलेल्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या प्रचंड तबकड्या उभ्या राहत होत्या, तेव्हाची गोष्ट. नारायणगावात हाडांचा एक तरुण डॉक्टर नवीन आला होता. तो एक दिवस स्वतः नानांच्या घरी आला. आपले पेशंट पळवतो म्हणून भांडायला आला असेल असं आम्हाला वाटलं. पण त्यानं घोंगडीवर बसून चहा घेतला, नानांनी बसवलेला एक घोटा बघितला, चांगलं काम आहे म्हणाला. मग पिशवीतून प्लास्टरचा पाठीचा कणा काढला. मानेच्या मणक्यांत नानांना बोट घालायला लावलं. बोट गेलं नाही, करंगळी गेली.

"नाना, ह्यातून दोरी जाते," डॉक्टर म्हणाला. "सगळं शरीर त्या दोरीवर चालतं. हात, पाय, श्वाससुद्धा. तुम्ही झटका देता तेव्हा ती दोरी कुठं असते?"

डॉक्टर गेल्यावरही नाना तसेच बसले होते, उजव्या हाताची करंगळी डाव्या मुठीत धरून.

त्यानंतर त्यांनी कुणाच्या मानेला हात लावला नाही. गावात तीन-चार गोष्टी पसरल्या. कुणी म्हणायचं, आंबेगावकडं डोंगरात मान मोडताना नानांच्या हातून एक गडी गेला. कुणी म्हणायचं, पोलिसांनी दम दिला. मी एकदा धीर करून विचारलं, "नाना, खरंच काय झालं होतं?"

"काय बी झालं न्हाई," नाना म्हणाले. "तीस वर्षं माना मोडल्या. रोज दहा, यात्रंला पन्नास. एकाला बी काय झालं न्हाई. त्येचंच तर भ्या वाटतं, सुद्या. काय झालं असतं तर मी कवाच थांबलो असतो. न्हाई झालं म्हणून तीस वर्षं मी डोळं झाकून त्या दोरीवर झटकं देत बसलो." आणि करंगळी वर करून म्हणाले, "येवढीच असती ती. येवढीच."

त्या दिवसापासून नाना भित्रे झाले, आणि आपण भित्रे आहोत हे त्यांनी कधी लपवलं नाही. सामन्याच्या दिवशी सकाळीच मैदानात यायचे, अनवाणी पायांनी इंच-इंच जमीन चालून खडा, काच, बाभळीचा काटा वेचायचे. माती कडक लागली की पुन्हा पाणी मारून खणायला लावायचे. गड्यांना आधी अर्धा तास पळवायचे. "थंड अंगानं मातीत शिरला तर मी बाहीर काढीन," म्हणायचे. नखं बघायचे, करदोडे बघायचे. आणि शेवटी एकेकाच्या करंगळ्या. ज्याची करंगळी अंगठ्यावरून सुटली तो बसला. मग तो कितीही मोठा चढाईपटू असो. त्यांचं गणित सोपं होतं. दोरीला वर काही झालं तर खाली शेंडा आधी ढिला पडतो. डॉक्टरांनी पुढं मला सांगितलं की हे गणित अगदी पुरं नाही, पण चुकीचंही नाही.

गडी वैतागायचे. आमचा कप्तान तोंडावर म्हणायचा, "नाना, तुमी मैदानात असलं का आमाला दवाखान्यात आल्यासारकं वाटतं."

"वाटू दे. दवाखान्यात जाऊन वाटण्यापरीस हितं वाटलेलं बरं."

माना मात्र मोडल्या जात होत्या. कटिंगच्या दुकानातला अंकुश आमच्याच वयाचा. सामन्याआधी आम्ही एकेक जण दाढीचं निमित्त करून त्याच्याकडे जायचो. कट्ट-कट्ट करून यायचो. नानांच्या समोरून जाताना मान ताठ धरायचो, जणू मान बघूनच त्यांना कळणार होतं.

आता माझं सांगतो. मी डाव्या कोपऱ्यातून चढाई करायचो. पायात वेग होता, डोक्यात शाळा नव्हती. घरी दोन धाकट्या बहिणी. त्या वर्षी आमच्या यात्रेच्या सामन्यांना पुण्याच्या एका कंपनीची माणसं गडी बघायला येणार होती. त्यांच्या संघात घेतलं की कारखान्यात कायमची नोकरी. नववी नापासाला दुसरं कोण नोकरी देणार होतं? आमच्या घरात सामन्याच्या त्या रविवारीच दिवाळी असल्यासारखं बोलणं चालू होतं. आईनं तर पुण्यात खोली कुठं घ्यायची हेसुद्धा ठरवून टाकलं होतं.

आणि सामन्याच्या तीन आठवडे आधी सरावात मी खांद्यावर पडलो. मान आखडली. दोन दिवसांनी डाव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांना मुंग्या यायला लागल्या. चौथ्या दिवशी भाकरी मोडताना करंगळीचा जोर लागेना. मी न्हाणीत दार लावून स्वतःच्याच अंगठ्याला करंगळी अडकवून बघितली. ओढली की सुटायची. पुन्हा बघितली. पुन्हा सुटली. मला मानेची भीती वाटली नाही. मला नानांची भीती वाटली. सामन्यापर्यंत मी त्यांची वाट चुकवत राहिलो.

सामन्याच्या दिवशी सकाळी मी अंकुशकडे गेलो. म्हटलं, मोकळी झाली तर झाली. त्यानं झटका दिला, आवाज नेहमीपेक्षा मोठा आला. "बग, किती अडकली व्हती," तो म्हणाला. हातातून एक कळ बोटांपर्यंत गेली. मी त्याला काही सांगितलं नाही. घरी येऊन जुन्या लुगड्याची चिंधी फाडली, डाव्या करंगळीला गुंडाळली, वरून हळद आणि तेल लावलं.

दुपारी ओळीत माझा नंबर आला. नानांनी उजवी बघितली. डावीकडं हात नेला.

"हे काय?"

"कांदा काढताना विळा लागला, नाना. खोल आहे. सोडली की रक्त येतं."

नानांनी चिंधीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. पुढचे चार गडी खोळंबले होते, स्पीकरवर आमच्या संघाचं नाव पुकारत होते, कंपनीची माणसं मांडवात खुर्च्यांवर बसली होती. नानांच्या तोंडावर घाम होता. "जपून," एवढंच ते म्हणाले आणि माझा हात सोडला.

पहिल्या दोन चढायांत मी तीन गडी बाद केले. मांडवातला एक माणूस वहीत काही लिहिताना मी बघितला. तिसऱ्या चढाईत माझा घोटा धरला गेला. मी मध्यरेषेकडं झेप घेतली, त्याच क्षणी बाजूनं धडक बसली, आणि मी डोक्यावर पडलो. माती तोंडात गेली. मला वाटलं, उठावं. उठावं असं वाटलं, पण उठण्यासाठी खाली काहीच नव्हतं. मान होती, तिच्याखाली मी नव्हतो.

आमच्याकडं गडी पडला की काय करतात ते सांगतो. दोन जण काखेत हात घालून त्याला उभा करतात, हलवतात, तोंडावर पाणी मारतात, चार पावलं चालवतात. चालला की टाळ्या. मला सगळं ऐकू येत होतं. "उचला, उचला." "मान आखडली आसंल, मोडा कुणीतरी." "आरं, अंकुश कुठाय?" दोन हात माझ्या काखेत शिरले.

तेवढ्यात माझ्या तोंडासमोर नानांचं तोंड आलं. ते मातीत पालथे पडले होते, माझ्या डोक्याला डोकं लावून. त्यांनी दोन्ही कोपरं मातीत रोवली आणि दोन्ही हातांमध्ये माझं डोकं धरलं, जसं होतं तसं, वाकडंच. सरळ केलं नाही. आणि जे नाना मैदानात कधी मोठ्यानं बोलले नव्हते, ते ओरडले, "हात काढा. कुणी हलवू नका ह्येला. मला लई भ्या वाटतंय."

काखेतले हात थांबले.

"नाना, तुमी हाडवैद्य ना? मग बसवा की," कुणीतरी म्हणालं.

"मला न्हाई येत हे. मला भ्या वाटतंय, राव. पाया पडतो, हात काढा."

यात्रेच्या हजारभर माणसांसमोर साठीचा माणूस मातीत पडून रडत होता, मला भीती वाटते म्हणून सांगत होता. धमकी दिली असती तर आमची माणसं अंगावर गेली असती. पण असलं काही कुणी कधी बघितलेलं नव्हतं. माणसं मागं सरकली. कुणीतरी काखेतले हात काढून घेतले. पोरांना मागं ढकललं. भोंगा बंद झाला.

"जीप बोलवा," नाना म्हणाले. "आन बक्षिसांच्या टेबलाची फळी काडा."

मग हलक्या आवाजात माझ्याशी बोलायला लागले. "सुद्या, डोळं उगडं ठिव. मी हाय. उजवी करंगळी हलिव." मी हलवली असं मला वाटलं. त्यांनी बाजूच्या एकाला विचारलं, "हालली का?" तो म्हणाला, "न्हाई." नानांनी कोपरं आणखी मातीत रोवली, डोकं हलू दिलं नाही. "आसू दे. पुन्यांदा. पायाची बगू." पुन्हा नाही. "आता डावी." तो माणूस म्हणाला, "हिला चिंधी बांधलीय." नाना म्हणाले, "सोड."

चिंधी सुटली. माझ्या नजरेसमोर फक्त नानांचे डोळे होते. बाजूचा माणूस म्हणाला, "जखम तर न्हाई, नाना. हळदच हाय नुसती."

नानांनी डोळे मिटले. उघडले. "बरं," म्हणाले. "डावी करंगळी हलिव, पोरा."

बराच वेळ गेला असावा. मला नक्की सांगता येत नाही. मध्येच तो माणूस ओरडला, "अंगठा हालला, नाना. पायाचा. उजव्या." नाना तेव्हा काय म्हणाले ते मला आठवत नाही. त्यांच्या नाकावरून एक थेंब माझ्या गालावर पडला, तो आठवतो.

सहा जणांनी एकदम, नानांच्या "एक, दोन, तीन"वर, मला लाकडाच्या ओंडक्यासारखं एका लयीत फळीवर घेतलं. हे त्यांना त्याच डॉक्टरनं शिकवलं होतं. जीपमध्ये ते माझ्या डोक्याशी गुडघ्यांवर बसले. नारायणगावला डॉक्टरांनी गळ्याला पट्टा बांधून दिला आणि पुण्याला पाठवलं. तिथं पोचेपर्यंत नानांनी हात काढले नाहीत. पट्टा आहे ना, असं बरोबरचे म्हणाले. नाना म्हणाले, "आसू दे. दोन्ही आसू दे."

मानेचा एक मणका सरकला होता. दोरी दबली होती, तुटली नव्हती. पुण्याच्या डॉक्टरांनी बापूंना, म्हणजे माझ्या वडिलांना विचारलं, "ह्याला उभा कुणी केला नाही ना?" बापू म्हणाले, "न्हाई." डॉक्टर म्हणाले, "नाहीतर तुम्ही आज मुलाला घेऊन आला नसता, दुसरंच काही घेऊन आला असता." अंकुशच्या झटक्यानं सरकला की पडल्यामुळं, ते कुणीच सांगू शकलं नाही. अंकुशला मी कधी दोष दिला नाही. पण त्यानं नंतर दुकानात कुणाची मान मोडली नाही. गिऱ्हाईक रागावून दुसरीकडं गेलं तरी नाही.

दीड महिना मी डोक्याला वजन टांगून पडून होतो. नाना दर आठवड्याला एसटीनं यायचे. पहिल्यांदा आले तेव्हा मी त्यांच्याकडं बघू शकलो नाही, आणि मान वळवायचीही सोय नव्हती. ते खाटेशी बसले. मग म्हणाले, "हळद चांगली लावली व्हतीस. तेलात कालवून. मी बी फसलो."

"नाना, चुकलं माझं."

"तुजं काय चुकलं? तुला नोकरी पायजे व्हती. माजं चुकलं. चिंधी सोडून बगायला पायजे व्हती. पन खुर्चीवरल्या मान्सांना भ्यालो, भोंग्याला भ्यालो, पोराचा चानस जाईल म्हणून भ्यालो. दोरीला भ्यायचं सोडून भलत्याच गोष्टींला भ्यालो." थोडं थांबून म्हणाले, "नुसतं भिऊन भागत न्हाई, सुद्या. कशाला भ्यायचं त्ये बी कळाया लागतं."

नोकरी गेली. त्या खुर्चीतल्या माणसानं माझं नाव लिहून खोडलं असेल. हातपाय परत आले, डावी करंगळी तेवढी कमजोर राहिली. जड काम करायचं नाही असं सांगितल्यामुळं शेतात माझा उपयोग नव्हता. एका ओळखीच्या आडत्यानं या वखारीची गोष्ट काढली आणि मी इथं आलो. निघताना नाना आळेफाट्यापर्यंत आले. गाडी हलली तरी खिडकीतून माझी करंगळी अंगठ्यात धरून दोन पावलं चालले.

ती फळी त्यांनी परत बक्षिसांच्या टेबलाला लावू दिली नाही. सायकलच्या कॅरियरला बांधून प्रत्येक सामन्याला न्यायचे, अगदी पिंपळवंडीला, खोडदला. "आली बोरीकरांची तिरडी," असं लोक चेष्टेनं म्हणायचे. नाना म्हणायचे, "तिरडीच हाय. हिच्यावं निजून मानूस परत येतो येवढाच फरक."

मी महिन्यातून एकदा बूथवरून आणि पुढं मोबाईलवरून फोन करायचो. पहिला प्रश्न ठरलेला, "हलत्यात का?" मी म्हणायचो, "हलतात, नाना. चारी." मग पुढचं बोलणं.

गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर नाना आजारी पडले. दम लागायचा, अंथरूण धरलं. त्याच सुमारास माझ्या डाव्या हाताला पुन्हा मुंग्या यायला लागल्या. आधी करंगळी, मग शेजारचं बोट. मी कुणाला बोललो नाही. बायकोला नाही, मालकाला तर नाहीच. इथलं काम गेलं तर मी कुठं जाणार, या भीतीनं सकाळी उठून आधी हात चादरीखाली चाचपायचो आणि मग काही झालं नाही असं म्हणून कामावर जायचो. सहा आठवडे असे गेले.

मग एक दिवस मी फोन केला तेव्हा नानांच्या सुनेनं, सुमनवहिनीनं, फोन त्यांच्या कानाला लावला. श्वासाचा आवाज येत होता. नाना म्हणाले, "हलत्यात का?"

"हलतात, नाना. तुम्ही काळजी करू नका."

मला वाटलं, नानांना झोप लागली. मग आवाज आला, अगदी बारीक, पण साफ.

"चिंधी न्हाई ना बांधली?"

मी वखारीच्या दारात उभा होतो. समोर हमाल गोणी उतरवत होते. मी म्हणालो, "मुंग्या येतात, नाना. दीड महिना झाला. डावी सुटते."

"मग फोनवं काय करतो? डाक्टरकडं जा. उद्या न्हाई. आज जा." दम लागला, थांबले. "भी की जरा."

मी त्याच दुपारी गेलो. इथल्या डॉक्टरनं फोटो काढले, पट्टा दिला, गोळ्या दिल्या, आणखी उशीर केला असता तर काय झालं असतं ते सांगितलं. वेळेत आलात म्हणाला. कुणी पाठवलं, असं त्यानं हिंदीत विचारलं. मी म्हणालो, गावाकडच्या हाडवैद्यानं. तो हसला. त्याला ते खरं वाटलं नसावं.

संध्याकाळी मी गळ्यात पट्टा घालूनच फोन केला. सुमनवहिनी म्हणाल्या, "नाना झोपलेत, भाऊजी. उठले की सांगते तुमी जाऊन आल्याचं." त्यानंतर चार दिवसांनी नाना गेले. मला पोचता आलं नाही.

वहिनींनी त्यांना सांगितलं का, हे मी अजून विचारलेलं नाही. फोन हातात घेतो, नंबर लावतो, आणि तब्येत-पाणी विचारून ठेवून देतो. भीती वाटते.